चिखलावर काय घालावं

नोव्हेंबरपासून कोंबड्या जाळीआड आहेत.
पक्ष्यांच्या तापाची साथ, वरून फर्मान:
मोकळं सोडायचं नाही.
एलिनेडच्या नऊ कोंबड्या, आणि वेल्समधला पाऊस,
जो पडत नाही, नुसता असतो,
भिंतीवर, लोकरीत, पावाच्या कडेवर.

पंधरा दिवसांत गवताचं नाव उरलं नाही.
चोचींनी मुळं उपसली, नखांनी माती मळली,
आणि शिटलेलं, सांडलेलं, साचलेलं सगळं
एकजीव झालं, पातळ पिठल्यासारखं.
गमबूट रुतला की पाय वर येतो, बूट राहतो.
परवा ती तशीच उभी राहिली, एका पायावर,
नऊ कोंबड्यांत दहावी,
आणि हसायला कुणी नव्हतं.

अंडी धुवावी लागतात.
धुतलेलं अंडं टिकत नाही.

पेंढा घाल, म्हणाली बहीण फोनवर.
घातला. चार दिवस सोनं.
आठव्या दिवशी फावड्यावर उचलला
तर भिजलेल्या घोंगडीइतका जड,
आणि खालून वाफ, आणि वाफेला वास.
वाळू चांगली, रोज चाळता येते,
पण वाळूला वर छप्पर लागतं
आणि छपराला पैसे.

गावाच्या डोक्यावर पाटीच्या दगडाचे ढीग आहेत.
खाण गेली, ढीग राहिले.
फुकट न्या, म्हणतात.
बापानं तीस वर्षं तो दगड सोलला,
शेवटी शेवटी श्वासाबरोबर छातीत वाजायचा.
एलिनेडनं एक कपची उचलली,
अंगठा धारेवरून फिरवला,
कोंबडीच्या तळव्याचा विचार केला
आणि परत ठेवली,
होती तिथे, होती त्याच कुशीवर.

फेब्रुवारीत टेक्विन आला
चॅपलशेजारचं ऑनेन पाडायला.
इकडची ऑनेनची झाडं मरताहेत, शेंड्याकडून खाली.
दोन उन्हाळे त्याला पानच नव्हतं
तरी लोक सवयीनं त्याच्याखाली गाड्या लावायचे.
फांद्या यंत्रात गेल्या, पलीकडून पांढऱ्या ढलप्या उडाल्या.
मग बुंध्याला करवत लागली आणि मध्येच
खण्णकन.
चॅपलच्या दारात म्हणू नये ते टेक्विन म्हणाला.
बुंध्याच्या पोटात लोखंडी कडी.
कधीकाळी प्रवचन संपेपर्यंत घोडी बांधायची.
झाडानं ती गिळली होती, वर साल मिटून घेतली होती.

"ढलप्यांचं काय करणार?"
"तुला किती हव्यात?"
"साल नको. साल कुजते,
तिची बुरशी कोंबड्यांच्या छातीत बसते."
"थोडी येणारच, बाई. मी काय वाण्याचं दुकान मांडलंय?"
छाती म्हणताना तिचा आवाज जरा खाली गेला होता.
टेक्विनला ते कळलं असावं.
संध्याकाळी गाडी रिकामी करताना
तो वाकून वाकून सालीचे तुकडे वेचत होता.

आधी चर खणला, पाणी उताराला लावलं.
मग घोट्याच्या वर येतील इतक्या ढलप्या.
रात्री पाऊस असला, आणि खाली कुठेतरी गेला.

सकाळी दार उघडलं तर कोंबड्या उंबऱ्यावरच थांबल्या.
हे काय, कोणाचं घर,
इतकं पांढरं, इतकं कच्च्या लाकडाच्या वासाचं.
शेवटी लंगडी उतरली.
एक पाय टाकला. दुसरा. मान तिरकी करून ऐकलं.
मग दोन्ही पायांनी अशी उकरायला लागली
की टेक्विननं समपातळ केलेलं सगळं
दहा मिनिटांत डोंगर-दऱ्या.
बाकीच्या मग तिच्या खड्ड्यासाठी भांडल्या.

वर्षभरात हेही काळं पडेल.
तेव्हा बटाट्याच्या वाफ्यात टाकायचं आणि नवं आणायचं.
मरणारी झाडं अजून पुष्कळ आहेत, टेक्विन म्हणतो,
आणि हे चांगलं की वाईट ते दोघांनाही ठरवता येत नाही.

कडी तिनं खुराड्याच्या फाटकाला लावली.
फार मोठी आहे. शोभत नाही.

दुपारी पेटीतून तीन अंडी काढली,
सिंकपाशी गेली, नळ सोडला,
पहिलं अंडं पाण्याखाली धरणार
तेवढ्यात उजेडात फिरवून पाहिलं, मग पुन्हा एकदा,
आणि पाणी बराच वेळ नुसतंच वाहत राहिलं.